बुडाला म्हणतात, पण पाणी कुठं होतं

मेला नाही तो. आधी एवढं वाच, मग चष्मा पुसत बस. आपला रुअरी, आपल्या बहिणीचा, ब्रीडचा मुलगा, इथं माझ्या चुलीपाशी बसून माझीच बिस्किटं खातोय. तू विचारलं नाहीस हे खरं, पण बातमी लीड्सपर्यंत पोचवायला आमच्या शेजारच्या कन्सेप्टाची जीभ पुरेशी आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

डिंपना, तुला थोरल्या भावाचा आशीर्वाद, फिंटनरावांना नमस्कार. तुझा गुडघा बरा असेल. नसला तर सविस्तर कळवू नको, दोन पानं जातात. माझं आहे तसं आहे.

तर झालं असं. टीव्हीवरच्या एका मालिकेत रुअरी सात वर्षं डॉक्टर होता. (त्याआधीचं तुला ठाऊकच आहे. किलब्रॅकच्या हॉलात नाटकात प्रेत झाला आणि शिंकला. मग डब्लिनच्या नाटकांत दहा वर्षं, ट्रे घेऊन आत यायचं, ट्रे घेऊन बाहेर जायचं. सिनेमे पाच केले, पाचांत मेला, एकात तर नावं पडद्यावर यायच्या आत. मी तेव्हाच म्हटलं होतं, पोरा, होडी घे.) गेल्या महिन्यात एका रविवारी त्या डॉक्टरला बंदराच्या धक्क्यावरून समुद्रात पाडलं आणि बुडाला म्हणून जाहीर केलं. प्रेत सापडलं नाही. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

सोमवारी सकाळी कन्सेप्टा हॅमची सँडविचं घेऊन दारात उभी. माझा हात हातात घेऊन म्हणते, "मॅलकी, तुमच्या दुःखात आम्ही आहोत. फार गुणी डॉक्टर होता." म्हटलं, "बाई, तो नट आहे. डब्लिनमध्ये घोरत असेल." तर म्हणते, "घोरू दे. पण सात वर्षं दर रविवारी घरात येणारा माणूस गेला, तर हात मिळवायला नको?" दुपारपर्यंत अठरा जण हात मिळवून गेले. चौघांनी त्याच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना सांगितल्याची कार्डं ठेवली. माझा चहा संपला. सँडविचं मात्र अर्धी कन्सेप्टानंच खाल्ली, मी बघत होतो.

त्याच बुधवारी मयत स्वतः आला, पिशवी आणि चार दिवसांची दाढी घेऊन. म्हणे, "मामा, जरा आराम करतोय." नट आराम म्हणाला की समजावं, काम गेलं. त्यात पिशवीतून निघाला लिमरिकच्या विमा कचेरीचा अर्ज. पंचवीस वर्षं तोंडाला रंग लावून शेवटी विमे विकणार. बरोबरच आहे म्हणा, धड काम कर म्हणून मीच त्याच्यामागं लागलेला. पण अर्ज टेबलावर, पेन शेजारी, आणि हा नुसता खिडकीतून बघतोय. दोन आठवडे सही नाही. भांडीसुद्धा न सांगता घासायला लागला. इतका गप्प माणूस घरात असला की मला झोप येत नाही.

शेवटी तो बुडण्याचा भाग मी त्यालाच पुन्हा लावायला सांगितला. तीनदा. चाळीस वर्षं समुद्रात शेवंडी धरल्या मी, मला धक्का कळतो. म्हटलं, मागच्या होड्या बघ. सगळ्या कुशीवर कलंडलेल्या, चिखलात. भिंतीवर शेवाळ लोंबतंय. म्हणजे पूर्ण ओहोटी. तिथं माणूस बुडत नाही, घोटा मोडतो.

"मामा, ते लेखक ठरवतात."

"ओहोटीपण लेखकच ठरवतात का?"

त्यावर हसला. आल्यापासून पहिल्यांदा. (मग लगेच उठून बाहेर गेला. डोळ्यांत धूर गेला म्हणाला. चूल विझलेली होती.)

काल फोन आला. हा गवताच्या कोठारामागं जाऊन बोलला. माझ्यासमोर का नाही, ते त्यालाच माहीत. परतला तो शीळ घालत. डॉक्टर चिखलात जिवंत सापडणार, घोटा मोडलेला, आणि पुढच्या दोन वर्षांचं काम पक्कं. अर्जानं चूल पेटवली. म्हणतो, "मामा, शेवटी त्यांना माझ्या कामाची किंमत कळली." मी म्हटलं, "असेल." आता घरभर लंगडायचा सराव चाललाय. सकाळी डावा पाय, दुपारी उजवा.

तुझा थोरला,
मॅलकी

ता.क. टीव्हीवाल्यांना पत्र मी लिहिलं होतं. भरती-ओहोटीचं कोष्टक जोडलं, खाली गावातल्या एकशे बारा सह्या, पहिली फादर तुओहींची. रुअरीला ह्यातलं अक्षर कळता कामा नये. कामाची किंमत कळली असं त्याला वाटतंय, तर वाटू दे. कळलीही असेल. सात वर्षांत एक रविवार मी चुकवला नाही, आणि मी काही रिकामटेकडा नाही.

आणखी ता.क. त्यांतली एक सही तुझी आहे, मी केलेली. नुसत्या नावांनी ते लोक हलले नसते, म्हणून तुझ्या नावपत्त्यापुढं लिहिलं, 'धक्क्यावरून बुडालेल्या कोळ्याची विधवा.' फिंटनराव रागावतील. पण जन्मभर बस चालवली त्यांनी, एकदा तरी समुद्राशी संबंध येऊ दे. आता टीव्हीवाल्यांचं उत्तर आलंय (पोस्टमनच्या हातातूनच काढून घेतलं), की त्यांची दोन माणसं येत्या गुरुवारी फुलं घेऊन विधवाबाईंना भेटायला लीड्सला येणार. तेव्हा गुरुवारी काळे कपडे घाल आणि फिंटनरावांना बाहेर काढ. त्यांचे बूटही दारातून उचल. ते लोक शहाणे दिसतात, बूट बघतील, आणि मग रुअरीपर्यंत सगळं जाईल.

उलट टपाली काही विचारू नको. ह्यावर मी आणखी एक शब्द सांगणार नाही.