सागवानाच्या रेषा

३ फेब्रुवारी

चि. छकुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून डोकंच फिरलं. माझ्याकडे कायमची राहायला यायचं हे आपलं ठरलं होतं. आता म्हणतेस, नवऱ्याने हौसेने घेतलेलं सागवानी कपाट सोडून पाय निघत नाही. आणि तुझा लेक सांगतो की ते माझ्या जिन्यातून चढणार नाही. त्याला पोरं सांभाळायला तू तिथेच हवी आहेस. कपाटाचं आयतं निमित्त मिळालं.

तर ऐक. तुझ्या खोलीतलं माझं लोखंडी कपाट हिरवं आहे, दवाखान्यातून पळवून आणल्यासारखं. त्याचं मी घरच्या घरी सागवान करणार. आधी बदामी ऑइल पेंट. तो वाळला की वर पातळ केलेला तपकिरी, आणि तो ओला असतानाच जुन्या कंगव्याने रेषा ओढायच्या. पुठ्ठ्यावर करून पाहिलं. गाठी इतक्या झाल्या की झाडाला देवी आल्या असं वाटलं.

म्हणून तुझ्या कपाटाच्याच रेषा हव्यात. दारावर पातळ कागद धर, वरून शिसपेन्सिल आडवी फिरव, लाकडाचा पोत उमटेल. लगेच पाठव. मला दम नाही.

माया आहेच, ती दर पत्रात मागू नकोस.
तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

कागद सोबत आहे. नुसताच काळा झाला, काही उमटलं नाही. सूनबाईने विचारलं, आई, कपाटाला गुदगुल्या का करताय. लेक म्हणतो, या वयात मावशी स्टुलावरून पडेल, मग कोण कुणाला सांभाळणार. धाकटा नातू तर हल्ली माझा पदरच सोडत नाही. येते म्हणते आणि तू दिलेली बॅग नुसती काढते नि ठेवते. जीव थाऱ्यावर नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी छकुली

१७ फेब्रुवारी

चि. छकुलीस, आशीर्वाद.

हा कागद आहे की तव्याचं बूड? कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांनी चित्रकलेत तुला काठावर पास केलं तेही दयेपोटी. पुन्हा कर, जोर लावून. बदामी हात देऊन झाला आहे. घरभर टर्पेंटाइनचा वास आहे, मी या खिडकीतून त्या खिडकीत फिरते आहे. स्टुलावरून पडले नाही, असं भाच्याला मुद्दाम सांग.

पत्राची वाट पाहते, आणि ते मला जमत नाही हे तुला ठाऊक आहे.
ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

जोर लावला, तरी कागद नुसता काळाच. तुझ्या बोलण्याचा राग आला आणि दाराच्या आतल्या कडेला सुरीने खरवडलं. रंगाचा पापुद्रा निघाला, खाली पुट्टी आणि त्याखाली हार्डबोर्ड. ताई, रेषा काढलेल्या आहेत. गाठीसुद्धा.

हे होते तेव्हा पाहुण्यांना सांगायचे, लाकूड मी स्वतः निवडलं. त्यांनी आम्हाला बनवलं की त्यांनाच कुणी बनवलं, आता कुणाला विचारू? आधी रडले, मग जमिनीवर बसून इतकी हसले की सूनबाई पाणी घेऊन आली. तिला काही बोलले नाही. ती रोज त्याला तेलाने पुसते. पुसू दे.

लेकाला सांगितलं, कपाट तुझं, मी निघते. तो कपाटाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. नातवंडांना सुट्टीत पाठव म्हटलं. रविवारी येते. तू आता रंगवू नकोस, हिरवंच चालेल.

आहे तशीच ठेवून घे.
छकुली

२७ फेब्रुवारी

चि. छकुलीस, आशीर्वाद.

हिरवंच चालेल हे आता सांगतेस. दोन्ही दारांवर रेषा ओढून झाल्या. डाव्या दारावरच्या रेषा वळवायच्या तिथे माझा हात अडला, झाड शिंकल्यासारखं दिसतं. तुझ्या नवऱ्याचं जाऊ दे. ज्याने ते कपाट रंगवलं त्याचा हात बाकी पक्का होता, मला तर त्याचाच हेवा वाटतो.

रंग ओला आहे, कपडे दोन दिवस बॅगेतच राहतील. भरलेली बॅग समोर दिसते म्हणून परत जायचं मनात आणू नकोस.

बाकी समोरासमोर भांडू.
ताई