झोळीतली बोली

आये,

तुला वाचता येत नव्हतं, आणि तुला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तेव्हा हे लिहून पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. पण गेल्या पावसाळ्यापासून एक गोष्ट मनात डाचते आहे आणि ती तुझ्याबद्दलची आहे, म्हणून तुलाच सांगते.

महाडला मी ज्या नर्सिंग कॉलेजात शिकवते, तिथे कातकरी बोलीचा एक छोटा अभ्यासक्रम सुरू झालाय. हो, आपल्याच बोलीचा. शिकाऊ मुली वाड्यांवर तपासणीला जातात तेव्हा बायका तोंड उघडत नाहीत. शिवाय आपली पोरंही आता ही बोली विसरत चालली आहेत. ती वर्गात शिकवली तर दोन्ही कामं होतील, असं प्राचार्यांच्या मनात आलं. शिकवणार कोण म्हटल्यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ‘मॅडम, तुमची तर मातृभाषा!’ मी लगेच हो म्हणून बसले. खरं सांगू, हवा डोक्यात गेली माझ्या. ज्या जमातीचं नाव स्टाफरूममध्ये मी कधी आपणहून काढलं नव्हतं, तेच आता नव्या साडीसारखं मिरवायला लागले.

मुली मन लावून शिकल्या. पाणी पी, इथे बस, कुठे दुखतं, औषध घे, कडू नाहीये. मी फळ्यावर लिहायची, त्या घोकायच्या. इतक्या वर्षांनी ती वाक्यं माझ्या तोंडातून अशी अलगद येत होती की माझं मलाच कौतुक वाटायचं. ती नेमकी कोणत्या वयातली आहेत, हे काही डोक्यात आलं नाही.

मग पोलादपूरच्या अलीकडच्या एका वाडीवर आम्ही गेलो. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी एका म्हातारीसमोर बसली, हाताला बीपीचा पट्टा बांधला आणि घोकलेलं सगळं न अडखळता म्हणून दाखवलं. म्हातारी आधी चकित झाली, मग खुदकन हसली आणि तिनं पोरीला जवळ ओढून तिचा गालगुच्चाच घेतला. आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मुली खूश झाल्या, त्यांना वाटलं आपण जिंकलो. मला मात्र कळेना. म्हातारी माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, “ग्वाड बोलतात गो तुझ्या पोरी. पन झोळीतल्या लेकराशी बोलावं तशा बोलतात. मोठ्या मान्साशी असं कोन बोलतंय? तुला कोनी शिकवली आपली बोली?”

“आयनं,” मी म्हटलं.

तिचं हसू एकदम मावळलं. माझ्या हातावर हात ठेवून तिनं विचारलं, “लहानपनीच गेली काय गो तुझी आय?”

आये, तू कुठे गेली होतीस? गेले होते मी. तुम्ही वीटभट्टीवर जाणार म्हणून मला आश्रमशाळेत ठेवलंत. पहिल्यांदा भेटायला आलीस ती रानातले कंद, उकडलेले करांदे, पदरात बांधून. फाटकाशी उभी राहून आपल्या बोलीत मोठ्यानं हाक मारलीस. मागे मुली फिदीफिदी हसल्या आणि मी तुला मराठीत उत्तर दिलं. तू करांदे माझ्या ओच्यात घातलेस. पुढच्या खेपेला आलीस ती मराठी शिकूनच. “बरी हाईस ना गो? जेवतेस ना?” भट्टीवरच्या बायकांकडून घोटवून घेतलं असणार. मला केवढा आनंद झाला होता! आपली आय सुधारली, असं वाटलं.

त्यानंतर तू माझ्याशी मरेपर्यंत मराठीच बोललीस. एमआयडीसीतल्या कॅन्टीनमधलं भांडी घासायचं काम सुटल्यावर माझ्याकडे राहायला आलीस, तेव्हाही. स्वयंपाकघरात भाकऱ्या थापताना तू एकटीच काहीतरी बोलत असायचीस, कुणाशी तरी भांडल्यासारखं, मध्येच हसून, आपल्या बोलीत. मी आत आले की गप्प. “मीठ संपलंय बघ,” एवढंच. त्या घरात अख्खी बोली माझ्यापासून दोन हातांवर होती. एकदाही म्हटलं नाही, आये, काय बोलतेस, मलाही सांग. लाज वाटते गं. आता वाटून काय उपयोग, तरी वाटते.

त्या म्हातारीला मी काय सांगितलं असेल? हो म्हटलं. लहानपणीच गेली म्हणून सांगितलं. मुली ऐकत होत्या.

आता मी दर रविवारी तिच्याकडे जाते. मोठ्या माणसाला कसं विचारायचं, नको कसं म्हणायचं, कुणाचं माणूस गेलं तर त्याच्याजवळ बसून काय बोलायचं, सगळं ती शिकवते आणि मी वर्गात नेते. बिनआईची म्हणून मला आधी जेवू घालते, मग शिकवायला बसते. मी मुकाट्यानं जेवते. मागच्या रविवारी तिनं विचारलं, तुझी आय कशी होती, काही आठवतं का? मी म्हटलं, फारसं नाही.

तिला खरं काय ते सांगायचं तर तिच्याच बोलीत सांगायला हवं आणि तेवढी बोली मला अजून येत नाही, असं मी स्वतःची समजूत घालत आले. पण येते, आये. केव्हाचीच येते.