खोळंब्याचं टेबल

१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

क्षेम आहे असं लिहवत नाही. आमच्या कारखान्यातल्या एका चाकखुर्चीचा ब्रेक उतारावर सुटला. बसलेले आजोबा पडले, खुब्याचं हाड मोडलं.

ब्रेक आम्ही पाचजण बसवतो. तपासते ती एकटी. ती म्हणजे कोण, हे मागच्या पत्रांवरून तुला पाठ झालं असेलच. पुढच्या आठवड्यात चौकशी आहे. तिला काढणार म्हणे.

तिला त्या ब्रेकची शंका आली होती, मला म्हणाली. पण आमच्याकडे काम थांबवणाऱ्याला जेवणाच्या सुट्टीत खोळंब्याच्या टेबलावर एकटं बसवतात, बाकीचे डबे वाजवतात. साहेबांचीच टूम. ती एकदा बसली, घास न गिळता उठली, रडली. पुन्हा काम थांबवलं नाही.

तो ब्रेक मीच तपासला, असं सांगणार आहे. अडवू नकोस.

तुझा,
भडक्या

१५ जून

चि. भडक्यास,
अ. उ. आ.

कॉलेज रागात सोडलंस, आता नोकरी प्रेमात सोड! अरे, इथे माणसं नेमणं, शिकवणं हेच माझं काम, म्हणून विचारते. तपासायला तिला शिकवलं कुणी? शंका आली तर जायचं कुणाकडे? चूक दाखवणाऱ्याचीच थट्टा होणार असेल, तर दाखवील कोण?

तू खोटं बोललास तर ती वाचेलही. टेबल तिथंच राहील, आणि पुढची खुर्चीही अशीच बाहेर पडेल. टेबलाचं सांग. पण आधी तिला विचार.

जेवतोस ना वेळेवर? आईचा जीव तुझ्यात अडकलाय.

माया आहेच, डोकं थंड असू दे.
ताई

२४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टेबलाचं सांगितलं. साहेब लालबुंद झाले. पण मालकीणबाईंनी तुझाच प्रश्न विचारला, हिला शिकवलं कुणी? कुणीच नाही, असं निघालं. ती राहिली. टेबल उचललं. आता जुन्या तपासनिसाच्या हाताखाली शिकल्याशिवाय कुणाला तपासणीवर बसवायचं नाही, असं ठरलंय. आजोबा मात्र अंथरुणावरच. चालतील की नाही, डॉक्टर बोलत नाहीत.

तिला आधी विचारायचं मात्र राहिलं, ताई. भर चौकशीत बोलून गेलो. माझं रडणं चारचौघांत का मांडलंस, एवढंच म्हणाली. तेव्हापासून अबोला.

काल तिनं सगळ्यांदेखत काम थांबवलं. ब्रेक मी बसवलेला. तो माझ्यापुढे ठेवून तिनं ढिल्या स्क्रूवर बोट टेकवलं, आणि मी पुन्हा नीट बसवेपर्यंत तिथंच उभी राहिली.

लोभ आटू देऊ नकोस.
भडक्या