दिवा नुसता पेटलेला

मंगळवार, मुलुंड. कॉलेजातून आल्यावर.

प्राजक्ताचा तो दिवा डोक्यातून जात नाही. आज लॅबमध्ये मुलांनी चिपवर स्वतः सर्किट रचायचं होतं. सेकंदाला एकदा दिवा लुकलुकला पाहिजे, बस. हिचा नुसता पेटलेला, मंदसा.

"मॅडम, वाट लागली. चिप गेली बहुतेक."

चिपला काय धाड भरलीय! बाईसाहेब क्लॉकचा, म्हणजे चिपच्या ठोक्यांचा, वेग कमी करायला विसरल्या होत्या. दरवर्षी कोणीतरी विसरतंच. म्हटलं, "अगं, लुकलुकतोय तो. सेकंदाला लाखो वेळा. डोळ्यांना कळत नाही, म्हणून स्थिर वाटतो."

ती वाकून बघत राहिली. "म्हणजे बिचाऱ्याची एवढी उघडझाप चाललीय, आणि आपल्याला वाटतं मजेत आहे!"

सगळे हसले. मीही.

आई जाऊन आठ महिने झाले. स्टाफरूममध्ये रोज कोणीतरी विचारतं, "काय गं, बरी आहेस ना?" मी ताबडतोब म्हणते, "झकास!" त्यांचा प्रश्न संपायच्या आत. मग ते खरं मानतात यात त्यांची काय चूक? आईला नसतं चाललं हे. लॅबमधून फोन केला आणि नुसतं "हॅलो" म्हटलं, तरी विचारायची, "काय बिनसलं?"

प्राजक्ताने शेवटी क्लॉक हळू केला. दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. विझलेला दिसला म्हणून पोरीने टाळ्या वाजवल्या.

उद्या कोणी विचारलं, तर उत्तर द्यायच्या आधी एक सेकंद थांबेन. निदान एक.