भिकुबाईंची सव्वा मूठ

साक्री

ती. आईस,
तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना हात लावून नमस्कार. शेक देतेस ना? आम्ही सुखरूप आहोत, आबांच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत. पण काल घडले ते फोनवर सांगवेना, म्हणून लिहिते.

आबा तरुणपणी मास्तर असताना ज्या भिकुबाईंकडे राहत, त्यांच्या घरी काल कानबाईचा रोट होता, घरातल्या प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून केलेला. तो फक्त भाऊबंदांनीच, म्हणजे एकमेकांचे सुतक पाळणाऱ्यांनीच खायचा, हे तुला ठाऊकच आहे. तरी भिकुबाईंनी आबांपुढे ताट ठेवले.

त्यांचे दीर अभिमननाना ताडकन म्हणाले, "वहिनी, भाहेरना माणूसले रोट?"

"गप बस, अभिमन. चाळीस वरीस व्हई ग्यात, दरसाल याना नावनी सव्वा मूठ गहू मी मोजस. तू खाई ऱ्हायना त्या रोटमा याना बी गहू शेतस."

म्हणजे दरवर्षी त्या घरच्या रोटात आबांच्याही वाट्याचे गहू होते. या चाळीस वर्षांत आबांनी त्यांना एक पत्रसुद्धा टाकलेले नाही.

आबांनी घास घेतला. तशी त्या म्हणाल्या, "गुरुजी, आते मी मरसू तव्हय सुतक पाळशात ना?"

सुतकाविरुद्ध मी गावोगाव गर्जत आले. त्या अंधश्रद्धेच्या चिंधड्या उडवल्या. काल मात्र मला वेगळेच दिसले. त्या म्हातारीला आपल्यामागे रडणारे एक माणूस हवे होते.

आबा "हो" म्हणाले. लग्न झालेल्या लेकीला ते सुतक लागत नाही, तरी मीही "हो" म्हणाले.

आई, नवऱ्याचे सुतक बायकोलाही लागते; म्हणजे तुला न विचारता आम्ही तुझ्याही वतीने शब्द दिला आहे. रागावलीस तरी तो मोडू नकोस.

तुझीच,
कामिनी