वर थांबणारी

प्रिय ठमे,

परवा तू बोटीवरचं काम सोडतेयस म्हणालीस आणि मी नुसतं ‘बरं’ म्हणून मोकळी झाले. ते ‘बरं’ तेव्हापासून मलाच टोचतंय, म्हणून कागद घेतला. शिलाईकाम बंद केल्यापासून हात तसेही रिकामेच असतात.

तू रेकॉर्ड करून पाठवलेली देवमाशांची टिकटिक मी मोबाइलवर रोज लावते. भांडी घासताना, दुपारी जरा पडल्यावर. घरात कुणीतरी काहीतरी करतंय असं वाटतं. त्यावरून मागच्या आठवड्यात गंमत झाली. खालच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं माझा पंखा बिघडलाय आणि म्हातारी भिडेपोटी कुणाला सांगत नाही. त्यांनी परस्पर इलेक्ट्रिशियन धाडला. तो स्टुलावर चढला, पंखा खोलला, तरी टिकटिक थांबेना. मग मी उशीखालून मोबाइल काढला. खरं तर तो दारात आला तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, पण म्हटलं, आलाय तर थांबू दे घटकाभर. हे स्पर्म व्हेल, यांच्यात घराणी असतात, प्रत्येक घराण्याची टिकटिक वेगळी, सगळं त्याला तुझ्यासारखं हातवारे करून समजावलं. त्याने निमूट ऐकलं, पंखा परत बसवला, आणि जाताना विचारलं, आजी, घरी कुणी नसतं का? मी त्याला परत बसवून चहा पाजला.

तुझी देवमाशांवरची पुस्तकं मला जड जातात. शाळा लवकर सुटली, वाचायची खोड तेवढी सुटली नाही, म्हणून रेटते. त्यातलं एकच प्रकरण मी पुन्हा पुन्हा काढते, त्या बायाबायांच्या कुटुंबाचं. आजी, मुली, मावश्या, भाच्या, सगळ्या जन्मभर एकत्र. मुलगे मोठे झाले की थंड समुद्राकडे निघून जातात आणि बहुतेक एकटेच हिंडतात. पिल्लाला खोल बुडी मारता येत नाही, आणि आईला तर पोटासाठी पार काळोखात उतरावं लागतं. मग सगळ्याजणी एकदम खाली जात नाहीत. कुणीतरी एक वर थांबते, पिल्लाजवळ. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच फुटलं. अगं, हे तर आपलंच घर!

तुझी आई इस्पितळात रात्रपाळीला निघाली की तू दाराला नाक लावून बसायचीस. मी शिलाई मशीनच्या पायाशी चादर अंथरायचे, त्या खडखडाटात तुला झोप लागायची, आणि मशीन थांबलं की डोळे टक्क उघडे. मग काम संपलं तरी मी सुईत दोरा न घालता रिकामं मशीन हाणत बसायचे. एकदा पेंगत पेंगत तशाच बिनदोऱ्याच्या सुईने गिऱ्हाइकाच्या पडद्यांच्या कडा मारल्या, वर इस्त्री करून, घडी घालून देऊनही आले. पडदे टांगल्यावर सगळ्या कडा खाली आल्या. बाई तणतणत दारात उभी, आणि तुझी आई आत तोंडात पदर कोंबून हसतेय. बाई गेल्यावर म्हणाली, “पोर माझी, आणि झोप उडाली हिची.”

आता ती नाही. रात्री कडी लावताना हात अजून थबकतो, ही बाहेर तर राहिली नाही ना. इतकी वर्षं ती खाली जायची आणि मी वर थांबायचे, हा आमचा धंदाच होता म्हण ना. आता कुणी खाली गेलेलं नाही, कुणी वर यायचं नाही, आणि मी आपली थांबलेली.

तुझ्या लेकाला, बोक्याला, पाळणाघरात टाकून महिना महिना समुद्रावर जायला तुझं मन धजत नाही, हे मला कळतं. जावईबापू सकाळी जातात ते अंधार पडल्यावर उगवतात, तेही खरं. मला बोलावण्याचा विषय निघण्याआधीच “मावशी, तुला या वयात कशाला त्रास,” असं तू म्हणालीस. मायेनंच म्हणालीस. पण फोन ठेवला आणि मी ती टिकटिक लावून घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

ठमे, हे पत्र तुझी नोकरी वाचवायला लिहीत नाहीये. तुझं तू बघायला खमकी आहेस. तूच एकदा सांगितलं होतंस, क्वचित एखादी मादी आपलं कुटुंब सोडून दुसऱ्या कुटुंबात जाऊन राहते, पण का जाते ते नीटसं कळलेलं नाही. तिचं मला माहीत नाही, माझं सांगते. मला तुझ्याकडे यायचंय. उपकार म्हणून नाही, माझ्यासाठी. गुडघे कुरकुरतात, बोक्याला कडेवर घेऊन फिरवणं होणार नाही, पण त्याच्याजवळ बसून राहणं होईल. तुझ्या घरात जागा असेल, मनात असेल, तर बोलाव. नसेल तर मी रुसणार नाही. फक्त माझ्या त्रासाचं नाव पुढे करू नकोस. ‘नको, मावशी’ एवढंच सरळ म्हण. तेवढं मला पेलेल.

तुझीच,
मावशी