'झूमी'

काल्डरथ्वेट, यॉर्कशायर
४ मार्च २०१९

चि. रोवेना हिस ईनिडआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळं ठीक नाही, म्हणून तसं लिहीत नाही. मंगळवारी बाजारात गेले तर आपल्या 'काल्डरथ्वेट बिल्डिंग सोसायटी'ची पाटी गायब! पितळी अक्षरं उपटलेली, दगडात नुसती भोकं, आणि वर भडक गुलाबी रंगात 'झूमी'. गिरणीतल्या विणकरांनी पैपैसा साठवून एकमेकांना घरासाठी कर्ज द्यायला काढलेली ही सोसायटी. त्यात माझे आजोबा होते. आता ती लहान मुलांचं सरबत असावं तशी दिसते.

आपला वॉल्टर अ‍ॅक्रॉइड मुद्दाम आत जाऊन, फोनचं दुकान समजल्यासारखं, मोबाइल कितीला म्हणून विचारून आला. नेली ग्रीनवुडला 'झूमी'चं पत्र आलं, ते कुणा भामट्याचं समजून तिनं चुलीत घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सोसायटी बुडाली म्हणून खिडकीपाशी रडत बसली. ब्याऐंशी वर्षांची बाई! मी तडक जाऊन काउंटरवरच्या जॉइसला नको ते बोलले. तिचा काय दोष? पण बोलले खरी.

तेरा एप्रिलला चॅपलच्या हॉलमध्ये सोसायटीच्या सभासदांची वार्षिक सभा आहे. अध्यक्ष प्रिंगल पुन्हा निवडणुकीला उभे आहेत. तू लंडनला जाहिरातीच्या धंद्यात आहेस. असली नावं कोण काढतं आणि त्यांना कोंडीत कसं पकडायचं, ते सविस्तर कळव. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझी,
ईनिडआत्या

लंडन
१९ मार्च

ती. आत्यास रोवेनाचा सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तीन पत्रं लिहून फाडली.

असली नावं कोण काढतं, असं तू विचारलंस. आमचं ऑफिस काढतं. 'झूमी' मी काढलं, आत्या. आमच्या साहेबांना कुठल्याच गावाचा वास न येणारं नाव हवं होतं. मी फळ्यावर सात नावं लिहिली, त्यातलं हे प्रिंगलसाहेबांना आवडलं. नव्या नावाच्या पत्रकात 'ग्राहकांना विचारून' असं छापलंय ना? तीनशे जणांना विचारलं, सगळे तिशीच्या आतले, सगळे इथले. काल्डरथ्वेटच्या एकालाही विचारलं नाही. मी तसं म्हटलं, तर प्रिंगलसाहेब हसून म्हणाले की म्हातारे आठवडाभर कुरकुरतात, मग गप्प बसतात.

मी तेव्हा गप्प बसले. माझं गाव असून. नेलीआजींचं वाचल्यापासून अन्न गोड लागत नाही. क्षमा मागायला तोंड नाही, तरी मागते.

तुझी,
रोवेना

काल्डरथ्वेट
२३ मार्च

रोवेना,

आशीर्वाद आज लिहीत नाही.

पत्र वाचलं आणि भांडी आपटत फिरले. तुझा बाप वारल्यावर तुमच्या घराचे हप्ते थकले होते, तेव्हा सोसायटीच्या म्हाताऱ्या मॅनेजरनं स्वतः घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं होतं की पोरीचं शिक्षण होऊ दे, आम्ही थांबतो. त्याला गावाचा वास होता म्हणून तो थांबला! त्या शिक्षणावर तू फळ्यावर लिहायला शिकलीस.

मला क्षमाबिमा नको. म्हाताऱ्यांबद्दल तो काय म्हणाला, ते सभेत त्याच्या समोर उभं राहून सांग. येणार नसशील तर ईस्टरलाही येऊ नकोस.

ईनिड सटक्लिफ

काल्डरथ्वेट
१६ एप्रिल

चि. रोवेना हिस आशीर्वाद.

शनिवारी तू सभेतून थेट स्टेशनवर पळालीस, म्हणून पुढचं कळवते. तू सुरुवात केलीस ती इतक्या हळू की वॉल्टरनं मागून मोठ्यानं बोल म्हणून ओरडून सांगितलं. मग बोललीस. तीनशे जणांचं सांगितलंस, कुरकुरीचं सांगितलंस, आणि नाव तूच काढलंस हेही लपवलं नाहीस. हॉलमध्ये आधी तुझ्यावर ओरडले, मग प्रिंगलवर. नेलीनं काठी आपटून त्याला विचारलं की मी गप्प बसलेय का, सांग.

हॉलमध्ये त्याच्या बाजूनं नऊच हात वर झाले. तरी तो निवडून आला. टपालानं आलेली मतं आधीच त्याच्या खिशात होती. लोकांनी मतपत्रिका न वाचता खूण केली होती. पाटी तशीच आहे. मी इतकी संतापले की घरापर्यंत पायी चालत आले, बसमध्ये बसवेना. पुढच्या वर्षी मी स्वतः उभी राहणार. टपालाच्या मतांसाठी आतापासून दारोदार हिंडायचं ठरलंय. जॉइस सुट्टीच्या दिवशी बरोबर येते म्हणाली.

काल तुझ्या आईचा फोन आला. सभेत बोललीस म्हणून ऑफिसनं तुला कामावरून काढलं, हे तू मला सांगितलं नाहीस.

मी अजून तुझ्यावर रागावलेली आहे, आणि बराच काळ रागावणार आहे. तो राग इथं येऊन सोस. मागच्या खोलीतली कपाटं रिकामी केली आहेत. शुक्रवारी दुपारची गाडी धर.

लोभ आहे, त्याची चौकशी करू नये.

तुझी,
ईनिडआत्या